सानगडीत बंद पडणारी लाल गाडी

१५ नोव्हेंबर
आज आमच्या दिघोरीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं आणि त्यातच धर्मेंद्रदादा नागपूरहून माझी गाडी घेऊन आला. "माझी गाडी" लिहून पाहिलं. चांगलं दिसतं.

धर्मेंद्रदादा माझा मावसभाऊ. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. अंगणात सगळ्यांसमोर त्याने भाषणच केलं. "हॉट हॅचबॅक म्हणतात हिले. दिसाले लहान, पण इंजिनात टर्बो हाय. नागपूरच्या एका डॉक्टरची होती. फक्त रविवारी काढे, ते बी हळूहळू."

आई म्हणाली, "एवढी लाल काहून? अन् मागं हे पंख कायले? उडते का?"

बाबा गाडीभोवती फिरले, टायरला पायाने ठोकर मारली, आत बसून पाहिलं आणि म्हणाले, "बसलं का खालीच बसल्यासारखं वाटते, बापा."

लोक हसले, पण मी हसले नाही. मी हा निर्णय पूर्ण अभ्यास करून घेतला आहे. एअरबॅग भरपूर, ब्रेक उत्तम, आणि माझ्या शिकवणीच्या पैशांत बसणारी हीच होती. साकोलीच्या कॉलेजात शिकताना मी वर्गात जेवढी बसले त्याहून जास्त बसस्टँडवर उभी राहिले. घरातली पहिली पदवीधर मी झाले, पण शेवटची होऊ नये. आता गावातल्या मुली रोज माझ्या गाडीतून कॉलेजला जातील. भाडं नाही. गाडी खासगी नंबरची आहे, भाडं घेणं नियमात बसत नाही. फक्त पेट्रोल वाटून घ्यायचं.

बाबा म्हणाले, "घेतलं भाडं तं कोण पाहून राहिलं?"
मी म्हणाले, "मी पाहून राहिली, बाबा."

१८ नोव्हेंबर
खुशबू, गुड्डी आणि दीपमाला या तीन मुली तयार आहेत. खुशबूचे वडील तुलारामकाका मात्र अडून बसले.

"गाडी तुई, चालवणारी तू. मंग सोबत मोठं मानूस कोण?"

"काका, मी मोठीच आहे."

"तू पोरगीच हायस. घरची मोठी बाई सोबत पायजे. आमच्या घरी असंच चालते."

बाकी दोन घरांनीही तेच धरलं. मी समानतेवर बोलले. तुलारामकाकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर हाय. मंग कोण येते सोबत?"

शेवटी पंचफुला आत्या. आत्या बाबांची धाकटी बहीण. माझ्या जन्माच्या आधीच तिचा नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडेच. मला तिनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल. आत्याने आधी साफ नकार दिला. "मायं शिवणकाम पडलं हाय. त्या गाडीत मी नाही बसत, लोकं म्हणतीन म्हातारपणी वरातीले निघाली." ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. आईने मशीनवर कापड टाकून झाकलं तेव्हा तयार झाली.

२० नोव्हेंबर
पहिला दिवस. सविस्तर लिहिते, कारण नवीन उपक्रमाच्या अडचणी प्रामाणिकपणे नोंदवल्या पाहिजेत.

अडचण पहिली. गाडीचं पोट जमिनीला फार जवळ आहे. गतिरोधक आला की मुलींना उतरवावं लागतं. त्या चालत गतिरोधक ओलांडतात, मी मागून गाडी तिरपी करून आणते, मग त्या पुन्हा बसतात. दिघोरी ते साकोली गतिरोधक पुष्कळ आहेत. बारव्ह्याकडून येणारी एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली.

आत्या उतरत नाही. तिचा गुडघा दुखतो.

अडचण दुसरी. सध्या धान निघतंय आणि लोकांनी रस्त्यावर वाळत घातलंय. धानावरून गाडी नेणं मला पटत नाही, म्हणून मी कडेच्या तणसावरून, म्हणजे धानाच्या पेंढ्यावरून नेली. ते सगळं तणस गाडीने पोटाखाली गोळा केलं आणि वाटेतल्या सानगडीपर्यंत नेलं. तिथे धूर निघाला. खुशबू "आग लागली वं माय" म्हणून ओरडली. नशिबाने समोरच ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं.

दुकानदार गोपीचंदभाऊ. पन्नाशीचे असतील, मिशा जाड, हात तेलकट. बादलीभर पाणी टाकून त्यांनी खाली वाकून पाहिलं. "हे गाडी हाय का गोठा?" मग समोरच्या दाराशी येऊन म्हणाले, "उतरा बाई, जॅक लावतो."

आत्या म्हणाली, "माया गुडघा दुखते. उचलता आली तं मायासकट उचला."

"वजन किती?"

"गाडीचं का मायं?"

गोपीचंदभाऊंनी आत्यासकट गाडी उचलली. खाली झोपून सायलेन्सरला गुंडाळलेलं तणस काढलं. वरून आत्या त्यांना सूचना करत होती, खालून ते "हो जी, हो जी" म्हणत होते. कॉलेजचे पहिले दोन तास गेले. परत येताना मी सगळ्यांची माफी मागितली. आत्या म्हणाली, "होते असं."

तिने एकही तक्रार केली नाही. मोठं मन.

२६ नोव्हेंबर
चढावर "फुस्स" असा आवाज झाला आणि गाडीची ताकदच गेली. टर्बोची हवा नेणारी नळी निसटली होती. मोबाइलवर वाचलं, या प्रकारच्या जुन्या गाड्यांचा हा नेहमीचा दोष आहे. शिवाय हळू चालवताना गिअर झटके देतो, इंजिनाला तेल जास्त लागतं, पाण्याच्या पंपाचं प्लास्टिक तडकतं, आणि दणके बसले की चाकांतले रबर झिजतात. मी हे गाडी घेण्याआधी वाचलं नव्हतं. म्हणजे मी एअरबॅगबद्दल वाचलं होतं.

सीटखाली झाडताना एक मोठं गोल स्टिकर सापडलं. त्यावर शर्यतीचा क्रमांक होता. धर्मेंद्रदादाला फोन केला.

"डॉक्टर लोकायले बी शौक असतात व," तो म्हणाला आणि रेंज गेली.

३ डिसेंबर
गाडी थरथरायला लागली. सानगडीला थांबलो. इंजिनात ठिणगी पाडणारी एक कॉइल गेली होती, गोपीचंदभाऊंनी साकोलीहून मागवून दिली. कारण शोधताना त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. त्यात आत्याची सुपारीची डबी असते. डबीमागे फ्यूजची पेटी आहे, हे मलाही माहीत नव्हतं. आत्या अर्थातच उतरली नव्हती, त्यामुळे त्यांनी तिलाच समजावून सांगितलं.

"हे पाहा पंचफुलाबाई. हा लाल हॉर्नचा. हा पिवळा पंख्याचा. अन् हा निळा पेट्रोलच्या पंपाचा. हा निघाला का गाडी जागच्या जागी ठप्प."

"एवढासाच?" आत्या म्हणाली.

"एवढासाच. पण सगळा खेळ याचाच हाय."

आत्याला यंत्रांत रस आहे हे पाहून मला फार आनंद झाला. संधी मिळाली असती तर तीही शिकली असती.

९ डिसेंबर
आज गाडी अचानक बंद. झटका नाही, धूर नाही, काही नाही. सुदैवाने बरोबर गोपीचंदभाऊंच्या दुकानासमोर. त्यांनी पाऊणएक तास तपासलं. निळा फ्यूज जागेवर नव्हता.

"गळून पडला असन," ते आत्याकडे पाहत म्हणाले.

"असन," आत्या आभाळाकडे पाहत म्हणाली.

खाली पायाशी शोधलं, सापडला नाही. त्यांनी नवीन बसवला. सगळ्यांना चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. मुलींच्या शिक्षणाबद्दल इतकी आस्था असलेले लोक आपल्या भागात आहेत.

१२ डिसेंबर
पुन्हा. सानगडी. निळा फ्यूज. चहासोबत आलूबोंडे.

१७ डिसेंबर
पुन्हा. आत्याने घरून गोपीचंदभाऊंसाठी उडदाचे वडे नेले होते, योगायोगाने.

२० डिसेंबर
मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. घाबरून न जाता कारण शोधायचं ठरवलं. सानगडीच्या पाटीआधी एक मोठा गतिरोधक आहे. माझा अंदाज, त्याच्या दणक्याने फ्यूज ढिला होतो आणि पुढे पडतो. म्हणून आज गतिरोधकावरून इतकी हळू नेली की मुली पुढे जाऊन पाणीपुरी खाऊन आल्या. तरीही बंद पडली.

मी आत्याला विचारलं, "तुला पडताना आवाज आला का?"

"मी सुपारी काढून राहिली होती व. मायं ध्यान नव्हतं."

हेही खरं. सानगडीची पाटी दिसली की तिला सुपारीची तलफ येतेच.

५ जानेवारी
आत्याला ताप आला, म्हणून आज आई सोबत होती. गाडी जाताना-येताना एकदाही थांबली नाही. सानगडीत गोपीचंदभाऊ रस्त्यावर येऊन उभे होते. मी हॉर्न वाजवला. ते गाडीत वाकून पाहायला लागले तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो. गाडी एवढी छान पळताना पाहून त्यांना बरं वाटलं असेल.

निष्कर्ष : थंडीत फ्यूज आकसून घट्ट बसतो. आज फार थंडी होती.

८ जानेवारी
आत्या बरी झाली. थंडी होतीच. तरी बंद पडली. निष्कर्ष मागे घेते.

गोपीचंदभाऊंनी आत्यासाठी खुर्ची आणून ठेवली आहे, गादीची. गुडघ्यासाठी. आश्चर्य म्हणजे गुडघा दुखत असूनही ती लगेच उतरली.

१६ जानेवारी
गाडीत मुलींशी बोलायला विषय काढते रोज एक. आजचा विषय : बाईने आपल्याला काय पाहिजे ते स्पष्ट बोललं पाहिजे. मी म्हणाले, आपल्या घरांतल्या बाया मनातलं मनातच ठेवतात आणि आयुष्य निघून जातं. कुणाला कळतच नाही.

मागे गुड्डी काहीतरी पुटपुटली आणि तिघी हसल्या.

"हसण्यासारखं काय आहे त्यात? आत्या, तूच सांग. बोललं पाहिजे की नाही?"

"बोललं तं पायजेच," आत्या म्हणाली. तिने सुपारीसाठी कप्पा उघडला आणि गाडी बंद पडली. चर्चा अर्धवट राहिली.

२ फेब्रुवारी
लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

आज खुशबूची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि गाडी सानगडीत बंद पडल्यामुळे आम्ही उशिरा पोचलो. मॅडमनी तिला आत घेतलं, पण खूप बोलल्या. संध्याकाळी तुलारामकाका घरी आले. चहा नको म्हणाले. आमच्या गावात चहा नको म्हणणं म्हणजे काय ते मला कळतं.

"रश्मी, तुई नियत साफ हाय. पण गाडी बोगस हाय. आता नर्सिंगची परीक्षा हाय एप्रिलमंदी, भंडाऱ्याले. खुशबूले नर्स व्हायचं हाय म्हणते. त्या दिवशी गाडी बंद पडली तं पोरीचं वर्ष गेलं. मंग मी तिचं लगन करतो. एका वर्षासाठी थांबत नाही बसत मी."

"नाही पडणार काका."

"पडली तं गावातली एक बी पोरगी तुया गाडीत बसनार नाही, हे मीच पाहीन."

ते गेल्यावर बाबा म्हणाले, धर्मेंद्रला सांगून गाडी परत देऊन टाक. मी रडले नाही. ओसरीवर आत्याचं मशीन चालू होतं. ते मधेच थांबलं आणि मग बराच वेळ सुरू झालं नाही.

१० फेब्रुवारी
दोन तारखेनंतर गाडी थांबलेली नाही. मी इंजिनातलं तेल बदललं, त्याचा परिणाम दिसतो.

आत्याने सुपारी सोडली.

१ मार्च
गाडी उत्तम. गिअरचा झटका आहेच, पण सवय झाली. पाण्याचा पंप बदलला.

सानगडीवरून जाताना गोपीचंदभाऊ दुकानाच्या दारात उभे असतात. हात वर करतात. आत्या दुसऱ्या बाजूच्या तळ्याकडे पाहत बसते. ते बारीक झाल्यासारखे वाटतात. ट्रॅक्टरचा धंदा उन्हाळ्यात मंदावत असेल.

१८ मार्च
आत्याला म्हटलं, बरं झालं ना, गाडी थांबत नाही आता. ती म्हणाली, "हो. तुई गाडी चांगली चालली पायजे. बाकी काय."

जेवली नाही नीट. गुडघा असेल.

४ एप्रिल
दीपमालाने विचारलं, "ताई, एकदा सानगडीले चहा प्यायले थांबू ना." मी म्हणाले, वेळेचं महत्त्व ओळखा. आत्याने मागे वळून दीपमालाकडे पाहिलं, आणि दीपमालाने जीभ चावली. हल्लीच्या मुलींना शिस्तीचा कंटाळा येतो.

२० एप्रिल
आजचं आजच लिहिलं पाहिजे.

तिघींचीही नर्सिंगची परीक्षा भंडाऱ्याला, साडेनऊला दार बंद. आम्ही उजाडताच निघालो. तुलारामकाका रस्त्यापर्यंत आले आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. सानगडी गेली, साकोली गेली, हायवेला लागलो. गाडी अशी पळत होती की मला प्रथमच कळलं, ही कशासाठी बनवली आहे. खुशबू डोळे मिटून हाडांची नावं पाठ म्हणत होती.

लाखनीच्या पुढे गाडी बंद पडली.

आजूबाजूला काही नाही. बाजूने ट्रक जात होते. आणि आत्या, जी कधी आवाज चढवत नाही, ती मोठ्याने ओरडली, "अवं माय! या वेळी मी नाही व! बुद्धाची आन, मी हात बी नाही लावला!"

बिचारी. संकटात साधी माणसं स्वतःलाच दोष देतात. मी म्हणाले, "तुझा काय संबंध, आत्या?" मागे गुड्डीला एकदम उचक्या लागल्या. परीक्षेची भीती.

मी गोपीचंदभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "लाखनीच्या पुढं? मी तिथं पोचेपर्यंत दार बंद होते. फोन पंचफुलाबाईले द्या." मी दिला. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. आत्या फक्त "हो... हो जी... बराबर... जळून काळा झाला हाय," एवढंच म्हणत होती. तोवर तिने कप्पा उघडून फ्यूज ओढून हातात घेतलाही होता. मला तर पेटी उघडायलाच दोन हात लागतात.

"जागा ढिली झाली म्हणतेत. घडीघडी काढून—" ती थांबली. "घडीघडी निघून."

मग तिने पदराच्या गाठीतून सुपारीची डबी काढली. सुपारी सोडली तरी डबी जवळ ठेवते, हे मला माहीत नव्हतं. डबी मांडीवर उलटी केली. सुपारीचे तुकडे पडले आणि त्यांच्यासोबत निळे फ्यूज. एक नाही, मूठभर.

दीपमाला म्हणाली, "बाप्पा, एवढे!"

आत्याने एक बसवला. गाडी सुरू झाली, थोडी गेली, पुन्हा बंद. फ्यूज सैल बसत होता. आत्याने चष्मा काढला, खाली वाकली, डोकं कप्प्यात घातलं आणि अंगठ्याने फ्यूज दाबून धरला.

"चालव."

"आत्या, गरम होईल तो."

"चालव म्हणतो ना!" आत्या "म्हणतो" म्हणाली. बाबांसारखी.

मी चालवली. भंडाऱ्यापर्यंत आत्या तशीच वाकून होती. तिचं डोकं कप्प्यात, पाठीवर पदर, आणि आतून आवाज येत होता, "पोहोचलो का? आता पोहोचलो का?" खुशबू मागून तिची पाठ चोळत होती आणि चोळता चोळता हाडांची नावं म्हणत होती. केंद्राशी पोचलो तेव्हा शिपाई दाराला हात लावून उभा होता. तिघी धावत आत गेल्या. पाठीमागे दार लागलं.

आत्याने अंगठा दाखवला. टरारून फोड आला होता. मी तिला मिठी मारली. फ्यूज आधीच जमवून ठेवायचे, तेही कुणी न सांगता! इतकी दूरदृष्टी मी कुठल्याही शिकलेल्या माणसात पाहिली नाही. तसं मी तिला सांगितलंही.

तिने डबी परत पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "रस काढून राहिले तिथं. उसाचा. चाल, पिऊ."

२१ एप्रिल
गोपीचंदभाऊ स्वतः दिघोरीला आले, फ्यूजची नवीन पेटी घेऊन. गाडी अंगणात होती. ते ओसरीवर बसले. बराच वेळ बाबांशी धानाच्या भावाबद्दल बोलले. शेवटी मीच म्हणाले, "भाऊ, गाडी पाहता ना?"

बाबा म्हणाले, "गाडी राहू दे. तू आत जा."

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. आत्या तिथे मडक्याजवळ उभी होती, अंगठ्याला पट्टी, आणि कान बाहेर. बाहेरून गोपीचंदभाऊंचा आवाज आला. "मायी बायको जाऊन बी आता बरीच वर्षं झाली. घरी मी अन् पाने अन् पेचकस. तुमच्या बहिणीले पसंत असन तं."

बाबा म्हणाले, "तिले काय विचारायचं. ती नोव्हेंबरपासून सांगून राहिली." आणि दोघेही हसले.

मी आत्याकडे पाहिलं. मला फार आनंद झाला. मी म्हणाले, "आत्या, तुला हे कधी कळलं?"

"जॅक लावला तवा," ती म्हणाली.

१२ मे
बुद्धपौर्णिमा. विहारात लग्न झालं, साधं, दुपारच्या आत. त्रिशरण, पंचशील, दोन हार. हार घालताना आत्याच्या अंगठ्याची पट्टी सगळ्यांना दिसत होती. सानगडीच्या पाहुण्यांनी विचारलं, हे काय झालं? गुड्डीला पुन्हा उचक्या लागल्या.

तुलारामकाकांनी आहेर केला आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी धाकटीले बी बसवतो तुया गाडीत." मी विचारलं, सोबत मोठी बाई? ते म्हणाले, "तू हायस ना." मग त्यांनी चहा मागून घेतला.

वरपक्षाची वरात माझ्या लाल गाडीतून सानगडीला गेली. गतिरोधकाला नवरा उतरला. नवरी उतरली नाही.

७ जून
खुशबूला भंडाऱ्यातच नर्सिंगला प्रवेश मिळाला! गुड्डीलाही. दीपमालाचा क्रमांक प्रतीक्षा यादीत आहे, पण वरचा.

२३ जून
कॉलेज सुरू. नवीन मुली, त्यात तुलारामकाकांची धाकटी. आज गाडीने कसलाही त्रास दिला नाही. उपक्रमाच्या पहिल्या वर्षाचा आढावा लिहायला बसले आहे, म्हणजे जुनी हॉट हॅचबॅक घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. टर्बोची नळी : आधीच बदलून घ्यावी. पाण्याचा पंप : तेच. कॉइल : एक जवळ असावी. गिअर : धीर धरावा. सायलेन्सर : तणस टाळावं. सीटखाली : घेण्याआधी पाहावं. पेट्रोल पंपाचा फ्यूज : वारंवार गळून पडतो. मात्र फेब्रुवारीपासून हा दोष का थांबला, ते सांगता येत नाही. गळून पडलेले फ्यूज खाली कधीच सापडले नाहीत. ते सगळे आत्याच्या डबीत

२४ जून
काल लिहिता लिहिता पेन खाली ठेवला तो ठेवलाच.

आज मुलींना कॉलेजात सोडलं आणि परत येताना सानगडीला थांबले. आत्या दुकानामागच्या घरात मशीनवर बसली होती. मी दारातूनच ओरडले, "तू! तू काढत होतीस! मी थंडीचा सिद्धांत मांडला! मी तेल बदललं!"

"बस आधी."

"मी बसत नाही. मुलींचे तास गेले आत्या. खुशबूची परीक्षा जात होती."

"माहीत हाय." तिने अंगठा पुढे केला. फोडाचा डाग अजून आहे. "म्हणूनच सोडलं होतं. तवा मनात ठरवलं, तुई गाडी चालू दे, मायं राहू दे."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी म्हणाले, "पण एकदा तरी बोलायचं ना. स्पष्ट. मी सांगितलं होतं गाडीत, बाईने बोललं पाहिजे."

"मी बोलतच तं होती व," आत्या म्हणाली. "दर खेपेले, सानगडीत. ज्याले ऐकायचं होतं त्याले ऐकू गेलं."

बाहेर गोपीचंदभाऊ ट्रॅक्टरखाली झोपले होते. तिथून त्यांचा हसण्याचा आवाज आला.

कोण कोण जाणत होतं, हे विचारायचं मी टाळलं. आईला ते पहिले वडे नेले तेव्हापासून की नंतर, तेही विचारलं नाही. आत्याने चहा टाकला. उडदाचे वडे होतेच.

२७ जून
आज सानगडीची पाटी आली तशी मी गाडी हळू केली आणि दुकानासमोर उभी केली. मागून तुलारामकाकांची धाकटी म्हणाली, "ताई, काय झालं? बंद पडली का?"

"हो," मी म्हणाले. "इथे पडतेच ती. उतरा, चहा घेऊ. आज आपण लवकर निघालोय."

आढाव्यात शेवटची ओळ घातली. सानगडीत बंद पडणे : कारण समजले. दुरुस्त करू नये.